दाढ

निघायच्या आधी दाढ काढून घे,
स्मितल म्हणाली फोनवर. इथले रात्रीचे साडेदहा,
तिथे दुपारचे बारा. जेवणाची सुट्टी अर्धा तास,
त्यातली आठ मिनिटं माझी.
दात विम्यात येत नाहीत, म्हणाली,
डोळेही नाहीत. बाकीचा माणूस येतो.

म्हणून निवतीहून पहिल्या एसटीने कुडाळ.
डॉक्टर सामंतांनी फिल्म उजेडाला धरली:
वाचवता येईल, चार खेपा लागतील.
माझ्याकडे एकच खेप होती
आणि अकरा दिवस.
काढा, म्हटलं.

सुई टोचून ते बाहेर गेले. भूल चढेपर्यंत
मी छताकडे बघत बसलो, आणि नेब्रास्का आलं,
आठ आठ मिनिटांच्या तुकड्यांनी जमवलेलं.
तिथे बस नाही. मीठ संपलं तरी गाडी काढायची.
बांगडा तळला तर छतातला भोंगा ओरडतो,
शेजारची बाई दार वाजवते, घाबरलेली,
स्मितल तिला खिडकीतून तवा दाखवते.
वादळाचंही तसंच. आपल्याकडे बावटा लागतो बंदरावर,
दोन दिवस मिळतात होड्या ओढायला.
तिथे भोंगा होतो आणि जिना उतरून
घराखाली जायचं. दहा मिनिटं. ऊर्वीला शाळेत शिकवतील.

आणि पत.
मी कुणाचा रुपया ठेवला नाही कधी,
कोयंड्यांच्या दुकानातली वहीसुद्धा दर अमावास्येला कोरी.
तिथे अशा माणसाला घर भाड्याने देत नाहीत.
आधी कर्ज काढ, मग फेड, मग पुन्हा काढ,
तेव्हा कुठे तुझ्या नावापुढे आकडा उगवतो.
हे दाजी कोयंड्याला सांगितलं
तर तो वही मिटून हसला इतका
की गिऱ्हाईक परत गेलं.
मग म्हणाला, थंय दर्या नाय?
नाय.
मगे लोक बघतत खंय?

मका, मी म्हटलं. मक्याकडे बघतात.

एकोणीस वर्षं मी डोळे मिटून सांगत आलो
कुठला सिलिंडर मारत नाही. होडी धक्क्याला लागायच्या आधी
आवाजावरून पाना हातात घेतला आहे.
याचा कागद नाही.
स्मितलकडे कागद आहेत, शिक्के मारलेले, सात वर्षं
परीक्षा देत जमवलेले. रात्रपाळीहून येऊन
ती ओट्यावर पुस्तक उघडायची, मी भात लावायचो.
त्या कागदांच्या पाठीवर बसून आम्ही दोघं जाणार,
मी आणि ऊर्वी.
हे मला टोचत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून विचारली:
एवढ्या थंडीत डिझेल गोठत असेल, मग करतात काय?
तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी
वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारून आली.
रात्री इंजिनाला वायर लावून ठेवतात, म्हणाली,
फोन चार्जिंगला लावतात तसं. इंजिन उबेला झोपतं.
ती रात्र मी जागा होतो. तो शेतकरी
कुठली वायर लावत असेल, किती वॅटची,
आणि त्याला माझं नाव तिने सांगितलं असेल का.

डॉक्टर आले. चिमटा, मग पक्कड, मग
डोक्याच्या आत कुठेतरी बांबू मोडल्यासारखा आवाज.
दुखलं नाही. नुसतं ओढणं कळलं.
तीन मुळं होती तिला, वाकडी,
नांगरासारखी गच्च.
कापसात गुंडाळून हातात दिली,
जणू गाडीचा बदललेला पार्ट
गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो.
परुळ्याच्या चढावर फोन वाजला.
तिथे पहाटेचे तीन. ती पाळीवर असणार,
कुणाचं तरी सलाईन संपायची वाट बघत.
काढलीस?
काढली.
दुखतंय?

अर्धं तोंड माझं नव्हतंच.
जीभ त्या खड्ड्यात जाऊन
काही शोधून परत येत होती.
आत्ता काही कळत नाही, म्हटलं,
उतरल्यावर सांगतो.